दुसऱ्या खुर्चीवरची माणसं



या व्यासपीठावरून आजवर संतसाहित्यावर बोललं गेलं, सहकारावर बोललं गेलं, दुष्काळावर तर बोललं गेलंच. मी आज टीव्हीवरच्या मालिकांवर बोलणार आहे. तेही मालिकांचा दर्जा, संस्कृतीचा ऱ्हास वगैरे नाही. त्यातल्या काही पात्रांवर माझा वर्षानुवर्षं जो जीव आहे, त्याबद्दल. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या बाईंना हा विषय हलका वाटला नसता. त्या शाळेत आम्हाला मराठी शिकवत. सोमवारच्या पहिल्या तासाला व्याकरणाचं पुस्तक उघडण्याआधी आदल्या दिवशीच्या ‘रजनी’वर चार शब्द बोलल्याशिवाय त्यांना राहवत नसे. त्या रजनीच्या पक्षाच्या होत्या. मी नव्हते. शाळा सुटल्यावरही आमचा हा वाद चालूच राहिला. आजचं बोलणं म्हणजे त्या वादातली माझी बाजू समजा.

‘रजनी’ १९८५ची. बासू चटर्जींचं दिग्दर्शन आणि प्रिया तेंडुलकर. रविवारी सकाळी लागायची. गॅसच्या सिलिंडरसाठी एजन्सीवाल्याला जाब विचारणारी, काउंटरपलीकडच्या माणसाला नियम वाचून दाखवायला लावणारी ही गृहिणी त्या काळात किती घरांमध्ये हवीहवीशी वाटली, हे ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. मलाही ती पटायची. पण माझी नजर जायची तिच्या नवऱ्याकडे. तो तिला अडवत नाही, तिच्यापुढे धावतही नाही. ती तणतणत घरात येते तेव्हा तो घरात असतो, ऐकतो, एखादा खवचट प्रश्न विचारतो. करण राझदान यांनी ते काम केलं होतं. बाई म्हणायच्या, “अगं, त्या नवऱ्यात काय आहे बघण्यासारखं? नुसता बसलेला असतो.” मला आवडायचं ते नेमकं त्याचं बसणं. त्या वयात ते नीट सांगता येत नव्हतं.

आवडत्या पात्रांची यादी आपण कधी कागदावर मांडत नाही. एक मालिका संपते, दुसरी लागते, आवड पुढे सरकते. गेल्या काही वर्षांत मी ती मांडून पाहिली आणि चपापले. गुंड्याभाऊ, ‘करमचंद’मधली किटी, ‘नुक्कड’मधला खोपडी, ‘ब्योमकेश बक्षी’तला अजित, आबा टिपरे, ‘सीआयडी’तला फ्रेडी, ‘रात्रीस खेळ चाले’मधला पांडू. जाहिरातीच्या चित्रात ज्याचा चेहरा मध्यभागी असेल असा, आबांचा अपवाद सोडला तर, एकही नाही. आणि आबाही आपल्या घरात मध्यभागी नाहीतच. त्यांचं काय ते पुढे बोलते. घटना दुसऱ्या कुणाला तरी घडते आणि ही माणसं शेजारच्या खुर्चीवर बसून ती बघतात, असा सगळा मामला.

गुंड्याभाऊपासून सुरुवात करू. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. त्या दशकाच्या अखेरीस, रंग यायच्या आधी, चिमणराव आणि गुंड्याभाऊ घरोघर आले: दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. चिं. वि. जोशींच्या पुस्तकात सगळी हकीकत चिमणराव स्वतः सांगतात. आपली फजितीही ते आपल्याच तोंडाने सांगतात, त्यामुळे वाचताना गुंड्याभाऊ आपल्याला दिसतो तो चिमणरावांच्या डोळ्यांनी. टीव्हीवर गोष्ट सांगायचं काम कॅमेऱ्याकडे गेलं. चिमणराव आता बघितले जाऊ लागले, आणि बघायला शेजारी उभा गुंड्याभाऊ. पुस्तकात जो दणकट, अंगापिंडाने भरलेला सोबती होता, तो पडद्यावर आमच्या वतीने चिमणरावांकडे बघणारा माणूस झाला. चिमणराव घोळ घालत आहेत आणि बाळ कर्वे त्या मिशांआडून नुसते बघताहेत, अशा जागी आम्ही जास्त हसायचो. ही अदलाबदल कुणी ठरवून केली असेल असं मला वाटत नाही. माध्यम बदललं की गोष्ट बघण्याची खुर्ची कुणाला तरी द्यावी लागते, आणि ती मुख्य पात्राला देता येत नाही.

अजितवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण या यादीतला तो माझा सगळ्यांत लाडका. १९९३ साली दूरदर्शनवर बासू चटर्जींनीच ‘ब्योमकेश बक्षी’ आणली. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना अजित. मूळ कथा शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या. हे गृहस्थ आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. १९३८मध्ये ते बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईला आले आणि १९५२पासून पुण्यात येऊन राहिले. ब्योमकेशच्या कितीतरी कथा पुण्यात बसून लिहिलेल्या आहेत, म्हणजे कलकत्त्याच्या गल्ल्या पुण्याच्या हवेत उभ्या राहिल्या.

पहिल्या कथेत अजित एका मेसमध्ये राहतो. कलकत्त्यातली नोकरदार, एकट्या पुरुषांची मेस. खोली शोधत एक तरुण येतो, नाव सांगतो अतुल. जागा नसते, तेव्हा अजित आपल्या खोलीत त्याला जागा देतो. खून होतो, संशय येतो, आणि शेवटी कळतं की अतुल हाच ब्योमकेश. सगळी हुशारी ब्योमकेशची. अजितने केलं काय? खोलीत जागा दिली आणि पुढे लिहून काढलं. त्यानंतर ब्योमकेश त्याला हॅरिसन रोडवरच्या आपल्या बिऱ्हाडात राहायला बोलावतो, आणि अजित जो जातो तो राहतोच. पुढे ब्योमकेशचं सत्यवतीशी लग्न होतं. आपल्याकडच्या कुठल्याही मालिकेत या टप्प्यावर अजितला बॅग भरायला लावली असती, निदान एखाद्या भागात वहिनीशी रुसवा तरी दाखवला असता. इथे काही होत नाही. तिघे एका घरात राहतात, चहा येतो, ब्योमकेश सिगरेट पेटवतो, सत्यवती एखादं वाक्य बोलून आत जाते, आणि अजित आपल्या जागी असतो. रैनांनी हे काम इतक्या बेताने केलंय की बऱ्याच दृश्यांत ते फक्त ऐकताना दिसतात. ऐकताना चेहऱ्यावर काय ठेवायचं हे फार थोड्या नटांना कळतं. दारूत, रागात, रडण्यात नटाला हाताशी काहीतरी असतं. ऐकण्यात काही नसतं. (सत्यवतीचं काम सुकन्या कुलकर्णी यांनी केलं होतं. ‘आभाळमाया’तल्या सुधा जोशी म्हणून त्या घराघरांत पोचल्या त्याच्या काही वर्षं आधीची ही गोष्ट.)

पुढच्या काही कथांत शरदिंदूंनी निवेदन अजितकडून काढून घेतलं. त्या कथा मी वाचल्या आहेत, कोडी चांगली आहेत. पण ब्योमकेश एकदम सामान्य डिटेक्टिव्ह वाटू लागतो. ज्याचं कौतुक करायला जवळ कुणी नाही असा हुशार माणूस पाहवत नाही, हे त्या कथांनी मला शिकवलं.

किटी आणि खोपडी यांच्याबद्दल थोडक्यात. ‘करमचंद’मध्ये पंकज कपूर गाजर खात केस सोडवायचे आणि सुष्मिता मुखर्जींची किटी भाबडा प्रश्न विचारून ओरडा खायची. आज तो ओरडा कानाला खटकतो, खटकायलाच हवा. पण तिचे प्रश्न आठवून बघा. ते आम्हाला पडलेलेच प्रश्न असत, फक्त विचारायची लाज वाटायची. खोपडी हा ‘नुक्कड’मधला दारुडा, समीर खक्कर यांनी केलेला. सईद मिर्झा आणि कुंदन शहा यांच्या त्या नाक्यावर सगळेच कडेचे होते: सायकलवाला, हॉटेलवाला, भिकारी, गणपत हवालदार. कडेच्या माणसांतही कडेला तो. बाकीच्यांना निदान धंदा होता.

आता आबांकडे येते, कारण इथून माझ्या लक्षात एक गोष्ट यायला लागली.

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ २००१ साली अल्फा मराठीवर सुरू झाली, दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. चिमणराव करणारे प्रभावळकरच आता आबा झाले होते. घरात मुलगा, सून, दोन नातवंडं, प्रत्येकाची आपापली धांदल, आबा निवृत्त. घटना त्यांच्या आजूबाजूला घडतात आणि दिवस संपताना ते अनुदिनी लिहितात. मालिकेचं नाव त्यांच्यावरून, पण त्या घरात त्यांना विचारून काहीच ठरत नाही, आणि त्यांना त्याचं फारसं वाईटही वाटत नाही. म्हाताऱ्याचा हा स्वभाव मराठी टीव्हीवर त्याआधी मी पाहिला नव्हता. आधीचे म्हातारे एक तर हुकूम सोडायचे किंवा वृद्धाश्रमात जायचे. तर मुद्दा असा, की या मालिकेचा आधार म्हणजे ‘अनुदिनी’ हे लेखन. ते दिलीप प्रभावळकरांचंच. म्हणजे घरातल्या कोपऱ्यात बसून लिहिणारा म्हातारा जो नट करत होता, तो त्या म्हाताऱ्याचा लेखकही होता.

मग मी मागे वळून पाहिलं. ‘रजनी’च्या लेखनात करण राझदान होते, त्यांनी स्वतःसाठी रजनीचा नवरा निवडला, नुसता बसलेला. अजित कथेतच लेखक आहे. ‘सीआयडी’ १९९८ला सुरू झाली. दया दार तोडतो, प्रद्युम्न म्हणजे शिवाजी साटम बोटं फिरवत विचार करतात, आणि इन्स्पेक्टर फ्रेडरिक्स भुतांना आणि बायकोला घाबरतो. फ्रेडी करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३मध्ये गेले. त्यांनी या मालिकेचे काही भाग लिहिलेही होते. खून, पोस्टमॉर्टेम, पुरावे हे सगळं कागदावर मांडू शकणाऱ्या माणसाने पडद्यावर स्वतःकडे घेतलं ते सगळ्यांकडून चेष्टा करून घेण्याचं काम.

आणि पांडू. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ची. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तो वाडा, नाईकांचं कुटुंब, अण्णांच्या मृत्यूनंतर जमलेली मुलंबाळं, एकमेकांवरचे संशय. कोकणात भुताखेतांशिवाय काही नाही का, अशी तक्रार तेव्हा झाली. ती सगळी चुकीची नव्हती. मी ती मालिका पाहत राहिले ती पांडूसाठी. वाड्यातला गडी. प्रत्येक भागात कुणीतरी त्याला काहीतरी विचारतं, रात्री दार कुणी उघडलं, कोण आलं होतं, वस्तू कुठे गेली. पांडू डोळे वटारून, मान वाकडी करून आठवतो, आपल्याला वाटतं आता सांगणार, आणि तो म्हणतो, “इसरलंय.” प्रेक्षक हसतो. हसून झालं की मनात येतं, हा खरंच विसरला का? या वाड्यात सगळ्या खोल्यांमध्ये शिरायची मुभा एकट्या पांडूला आहे. झाडलोट करायला, पाणी द्यायला, दिवा लावायला तोच जातो. घरातल्या प्रत्येकाला दुसऱ्याबद्दल जे ठाऊक नाही ते त्याच्या नजरेखालून गेलेलं असणार. अशा माणसाने टिकायचं तर विसरण्यासारखा दुसरा उपाय नाही. मोठ्या घरात गडी म्हणून राबलेल्या माणसांना हे कुणी शिकवावं लागत नाही. पांडू केला प्रल्हाद कुडतरकर यांनी. मालिकेचे संवादही त्यांचेच. त्या वाड्यातलं प्रत्येक पात्र काय बोलणार हे ज्याने लिहिलं, तो पडद्यावर येऊन सांगतो की मला काही आठवत नाही!

याला योगायोग म्हणा. किटीला आणि खोपडीला तो लागू होत नाही, हेही खरं, आणि ओढूनताणून तो मी लावणार नाही. पण माझ्या मनाशी एवढं नक्की झालं की मालिकेत लेखकाला स्वतः बसायला जागा लागते तेव्हा तो सिंहासन घेत नाही. त्याला सगळं दिसेल आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष जाणार नाही अशी खुर्ची तो बघतो. आणि मी इतकी वर्षं, नकळत, त्याच खुर्चीकडे बघत आले. आपल्याकडे ही सोय जुनीच आहे म्हणा. तमाशातला सोंगाड्या राजाच्या दरबारात उभा राहून गावातल्या सरपंचाबद्दल बोलतो, ते राजाला बोलता येत नाही. पण सोंगाड्या फटकळ असतो. माझी माणसं बहुतेक वेळा गप्प. तेवढा फरक आहे, आणि तो टीव्हीने केलेला आहे: कॅमेरा जवळ जातो, गप्प माणसाचाही चेहरा दिसतो.

दैनंदिन मालिकांचं युग आलं आणि ही जात धोक्यात आली. याची कारणं नैतिक नाहीत, कामकाजाची आहेत. तेरा भागांची साप्ताहिक मालिका असली की कडेचा माणूस तेरा आठवडे तसाच राहू शकतो. आठवड्याला पाच-सहा भाग हवेत, वर्षानुवर्षं हवेत, तर रोज काहीतरी घडवावं लागतं. नायिकेच्या तारखा नसल्या की प्रसंग कुणावर तरी चालवायला हवा. मग शेजारीण, दीर, मोलकरीण यांना ‘ट्रॅक’ मिळतो. ट्रॅक मिळाला की मोलकरणीला प्रेमभंग होतो, दिराच्या पोटात पाप येतं, शेजारीण कारस्थान करते. बघणारं माणूस उरतच नाही, सगळेच घडू लागतात.

एकच बाई यातून वाचली, ‘क्यूंकी सास भी कभी बहू थी’तली बा. ३ जुलै २००० ते नोव्हेंबर २००८ इतकी ती मालिका चालली. नायक मिहिर मेला, परत आला. नायिका तुलसीचा चेहरा मध्ये बदलला आणि पुन्हा मूळ झाला. वीस वर्षांची लीप आली. बा होत्याच. त्यांच्या वयावर देशभर विनोद झाले, मीही केले. पण बा करणाऱ्या सुधा शिवपुरी कोण होत्या? राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या विद्यार्थिनी, ओम शिवपुरींबरोबर दिल्लीत ‘दिशांतर’ ही नाट्यसंस्था उभी करणाऱ्या, मोहन राकेश यांच्या ‘आधे अधूरे’तली सावित्री रंगमंचावर साकारलेल्या नटी. ती सावित्री कोंडमारा झालेली, घरातून बाहेर पडू पाहणारी. त्याच बाई पुढे आठ वर्षं एका सोफ्यावर बसून तीन पिढ्यांची लग्नं बघत राहिल्या. पुन्हा बघाल तर त्या सोफ्यावर त्या काय करताहेत तेवढं बघा. बाकी सगळे कॅमेऱ्याच्या तीन-तीन झटक्यांत चकित होत असतात. बा चकित होत नाहीत.

बाईंना हे सगळं मी पत्रातून, पुढे फोनवरून सांगत असे. त्यांचा आक्षेप एकच होता, आणि तो फेटाळावा इतका लेचापेचा नव्हता. त्या म्हणत, “कोपऱ्यात बसून बघणाऱ्यांनी कुणाचं भलं केलंय? गॅस रजनीमुळे मिळाला.” त्यांचं स्वतःचं आयुष्य त्या बाजूचं होतं. रेशन दुकानात पावती मागणाऱ्या, बस थांब्यावर थांबली नाही तर डेपोत जाऊन तक्रार लिहिणाऱ्या त्या. ‘उडान’मधली कविता चौधरींची कल्याणी त्यांना रजनीहूनही प्रिय होती. आयपीएस अधिकारी झालेल्या आपल्या बहिणीवरून, कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्यावरून, कविता चौधरींनी ते पात्र लिहिलं होतं, आणि स्वतःच मध्यभागी उभ्या राहिल्या होत्या. म्हणजे लेखक कोपऱ्यात बसतो हा माझा सिद्धांत बाईंनी एका उदाहरणात मोडून काढला असता. (‘सर्फ’च्या जाहिरातीतल्या ललिताजीही त्याच. कविता चौधरींना कोपरा माहीतच नव्हता.)

माझं उत्तर मला ‘हम लोग’मध्ये सापडलं. ७ जुलै १९८४ला सुरू झालेली ही मालिका ठरवून, धडा देण्यासाठी काढलेली होती. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी मालिकांमधून साक्षरता, कुटुंबनियोजन शिकवायची पद्धत बसवली होती; एक चांगलं पात्र, एक वाईट, एक दोन्हींमध्ये हेलकावे खाणारं. तीच पद्धत मनोहर श्याम जोशींच्या लेखणीतून दिल्लीच्या एका घरात उतरली. थोरली मुलगी बडकी शिकणारी, स्वतःच्या पायावर उभी राहू पाहणारी. आई भगवंती सोसणारी. तिच्याकडे बघून बायकांनी ‘असं नको’ म्हणावं ही करणाऱ्यांची अपेक्षा. दूरदर्शनकडे आणि नटांकडे सुमारे ४ लाख पत्रं आली. पुढे अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं, तर भगवंतीलाच आदर्श मानणारे पुष्कळ निघाले. अशोक कुमार दर भागाच्या शेवटी येऊन समजावून सांगत होते, तरीही. प्रेक्षक धडा म्हणून पात्र निवडत नाही. आपल्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी, ज्या बाईला त्याने बघितलेलं असतं आणि कधी नीट विचारलेलं नसतं, तिला तो निवडतो. भगवंती निवडणाऱ्या सगळ्या बायका मागासलेल्या होत्या असं मी मानत नाही. टीव्हीने पहिल्यांदाच तिच्याकडे कॅमेरा वळवला होता, त्याची ती पावती होती. बाईंना हे मान्य झालं नाही. “पावती फाडून काय करायचंय, माल कुठाय?” असं त्या म्हणाल्या, आणि यावर माझ्याकडे अजूनही उत्तर नाही.

हल्लीच्या वेब मालिकांत माझ्या माणसांचे दिवस बदलताहेत. ‘पंचायत’ २०२०ची. फुलेरा गावात सचिव अभिषेक, प्रधानजी, मंजूदेवी, आणि त्यांच्याभोवती उपप्रधान प्रल्हाद व कार्यालयातला सहायक विकास. पहिल्या पर्वात प्रल्हाद म्हणजे निव्वळ संगत: दुधीभोपळा आणायचा, गच्चीवर बसायचं, हो ला हो म्हणायचं. फैसल मलिक यांचं ते अवाढव्य शरीर आणि मऊ आवाज मी लगेच यादीत घेतला. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी त्याचा सैन्यातला मुलगा जातो, आणि एका रात्रीत तो कडेवरून मध्यभागी येतो. ट्रॅक मिळाला म्हणून मी कुरकुरायला हवं होतं. कुरकुरले नाही. कारण लेखक चंदन कुमार यांनी दोन पर्वं त्याला काहीही घडू न देता नुसतं बसवून ठेवलं होतं, त्यामुळे तो कोसळला तेव्हा त्याची बसायची जागा रिकामी दिसली. तिसऱ्या पर्वात नुकसानभरपाईचे ५० लाख त्याच्या पदरात पडलेत आणि त्याला ते नको आहेत. गावातला जो तो त्या पैशांचा विचार करतो, तो करत नाही. रोजच्या मालिकेत या पैशांवर तीन कारस्थानं झाली असती.

प्रल्हाद आता मोठा झाला, माझ्या हातचा गेला. सध्या मी विकासवर नजर ठेवून आहे.